भुताचा फाँट

अप्पा बळवंत चौकात जाऊन "हॉरर कॉमिक्स आहेत का?" असं विचारायचं धाडस मी पन्नाशी उलटल्यावर केलं. काउंटरवरच्या पोराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या काखेतल्या प्रुफांच्या गठ्ठ्याकडे, आणि विचारलं, "काका, कितवीला आहे?" मी म्हटलं, मलाच हवीत. त्याने आत हाक मारली. आतून कवटीचं चित्र असलेलं, खाली 'रंग भरा' लिहिलेलं चोवीस पानी प्रकरण आलं. तीस रुपये. पोराचा मान राखायला घेतलं.

तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ती, भुतांच्या आडून समाजावर बोलणारी कॉमिक्स त्या चौकात मिळणार नाहीत. इंग्रजी पुस्तकांच्या मोठ्या दुकानात चिठ्ठीवर नाव लिहून दिलं तर मागवून देतात, पण थांबायची तयारी हवी. ऑनलाइन लवकर येतात. माझं एक मात्र कोपरा चेपून आलं. तक्रार केली तर दहा टक्क्यांचं कूपन मिळालं आणि मी वापरायच्या आत त्याची मुदत संपली. एकेक पुस्तक हजाराच्या आगेमागे पडतं. म्हणजे स्वस्त नाही. मुलांच्या हाती द्यायचीही नाहीत, त्याचं कारण पुढे येईलच.

माझा धंदा अक्षरजुळणीचा, म्हणजे डीटीपी. पेजमेकर आणि श्रीलिपीपासून सुरुवात केली, आता इनडिझाइनवर आलोय. बुधवार पेठेत जिना चढून वर दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक सतत कुरकुरणारा प्रिंटर. दिवाळी अंक, प्रबंध, मंडळांचे अहवाल, लग्नपत्रिका. दिवसभर दुसऱ्यांची अक्षरं सरळ करून झाल्यावर घरी जाऊन आणखी वाचायची इच्छा फारशी राहत नाही. कॉमिक तर शाळेनंतर हातात धरलं नव्हतं. ते हातात आणून दिलं भाचीने. ती बरोबर कुठे चिमटा काढायचा ते ओळखून आहे. "मामा, तू गोष्ट वाचू नकोस, नुसती अक्षरं बघ," म्हणाली. "लेटरिंग करणारा आपला माणूस आहे."

पुस्तक होतं 'दीज सॅव्हेज शोअर्स'. लेखक राम व्ही, चित्रं सुमित कुमार, रंग व्हित्तोरियो अस्तोने आणि लेटरिंग आदित्य बिडीकर. अमेरिकेतल्या व्हॉल्ट कॉमिक्सने २०१८-१९ मध्ये हे पाच अंकांत काढलं, आता एकत्र पुस्तक मिळतं. श्रेयनामावलीत अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव लेखकाच्या जोडीने छापलेलं पाहून मी दोन मिनिटं तिथेच थांबलो. इतक्या वर्षांत माझं नाव 'मुद्रणसाहाय्य' याच्यापुढे कधी गेलेलं नाही, आणि तेही शेवटच्या पानावर, जाहिरातीच्या वर.

गोष्ट अठराव्या शतकातली, १७६६ च्या सुमाराची. लंडनमधल्या एका उमराव पिशाच्चाचं बिंग फुटतं. मग त्याचे वरिष्ठ त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजात घालून मलबारला धाडतात. आपल्याकडे पैसे खाताना सापडलेल्या साहेबाची दूर कुठेतरी बदली करतात, तसंच. हा कालिकतला उतरतो तो आपल्यापुढे ताट वाढून ठेवलंय अशाच थाटात. इथल्या जंगलात त्याच्याहून जुनं काहीतरी राहतं, हे त्याला फार लवकर कळतं. ते जुनं काहीतरी एका कोवळ्या राजपुत्राची राखण करतं आणि एका नर्तिकेवर जीव लावून बसलेलं आहे. पुढचं सांगत नाही.

मला त्यात अडकवलं ते पत्रांनी. कथेचा बराच भाग पत्रांतून उलगडतो. बोलण्याचे फुगे वेगळे आणि पत्रांची अक्षरं वेगळी. लिहिणारा किती सभ्य आहे हे आधी अक्षरांतून कळतं, मग तो काय लिहितोय हे कळतं. रक्त पिणारे पाहुणे आणि मिरी नेणारे पाहुणे एकाच गलबतातून उतरतात आणि दोघांचीही भाषा 'कृपाभिलाषी' छापाची. शाळेत आपण हैदर अली शिकलो तो थोरल्या माधवरावांच्या स्वाऱ्यांच्या धड्यात, म्हणजे शत्रूच्या बाजूला उभा असलेला. त्याच हैदरने १७६६ मध्ये मलबार घेतला. या पुस्तकात आपण उभे असतो ते त्या किनाऱ्यावर, आणि तिथून मैसूर, कंपनी, लंडन सगळेच बाहेरचे दिसतात. फक्त कोणाचे दात किती लांब एवढाच फरक. बरीच पानं नऊ चौकटींची आहेत, तीन ओळींत तीन-तीन. माझ्यासारख्या तक्ते जुळवणाऱ्या माणसाला ते पान बघूनच बरं वाटतं. आणि मग एखादं पान अचानक ही जाळी मोडतं तेव्हा छातीत धस्स होतं.

इथे थोडं धंद्याचं बोलतो. भीतीचं कॉमिक कसं चालतं हे कळल्याशिवाय ही पुस्तकं छापील का घ्यायची हे कळणार नाही. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दार किलकिलं होतं. दाराआड काय आहे ते पुढच्या डाव्या पानावर. मधे असतो तुमचा अंगठा. सिनेमात दिग्दर्शक तुम्हाला खेचून दारापर्यंत नेतो, इथे पान तुम्ही उलटता. म्हणजे जे दिसतं ते तुम्हीच दिसू दिलेलं असतं. टॅबवर एकेक चौकट मोठी करून वाचली की हा सगळा खेळ जातो. शिवाय अंधाऱ्या पानांच्या काचेत स्वतःचा चष्मा दिसतो, तो वेगळाच.

आणि अक्षरं. लेटररचं काम सगळ्यात शेवटी येतं, चित्रं उशिरा आली तरी तारीख तीच राहते. (हे वाचून माझा ऊर भरून आला.) जो आधी बोलतो त्याचा फुगा वर आणि डावीकडे, फुग्याचं शेपूट तोंडाकडे वळलेलं, चेहरा आणि हात झाकायचे नाहीत. हे सगळं जमलं तर वाचणाऱ्याला लेटरर आहे हेच कळत नाही. एक फुगा चुकीच्या जागी पडला तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो आणि भुताचा बोऱ्या वाजतो.

अक्षराने माणूस मारता येतो हे तर आपल्या पुण्याला सांगायची गरज नाही. शनिवारवाड्याचं भूत सगळ्यांना पाठ आहे: ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव, गारदी, 'काका, मला वाचवा'. अमावास्येला कोणाला काय ऐकू येतं त्यात मला रस नाही. मला त्या गोष्टीतली दुरुस्ती आठवते. 'धरावे'चं 'मारावे'. आख्यायिकाच आहे, आनंदीबाईंवर अन्याय करणारीही असेल. पण एका शहराने आपल्या सगळ्यात मोठ्या खुनाची गोष्ट प्रुफातल्या एका अक्षराच्या बदलावर बेतावी, आणि 'ध चा मा' हा वाक्प्रचार अडीचशे वर्षं वापरावा, याचं मला नेहमी कौतुक वाटत आलंय. लहानपणी मी विचार करायचो, ज्याने ते पत्र पोचवलं त्याने वाचलं असेल का?

असो. भीतीचं कॉमिक आणि समाजावरचं बोलणं ही जोडी आजची नाही. अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात ईसी नावाची कंपनी भुतांची मासिकं काढायची, आणि त्यांत घर जाळणारा, बायकोला छळणारा, काळ्या माणसाला ठेचणारा कोणीतरी शेवटी पकडला जायचा, बहुधा थडग्यातून आलेल्या हातांनी. त्यांची अक्षरं लेरॉय नावाच्या साच्याने काढलेली असायची, इंजिनिअरच्या नकाशावर असतात तशी कोरडी. त्या कोरड्या अक्षरांत ती किळसवाणी वर्णनं वाचायला अजूनच वाईट वाटतात. १९५४ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, मुलं बिघडतात म्हणून ओरड झाली आणि प्रकाशकांनी मिळून स्वतःवरच एक संहिता लादून घेतली. तिच्यात पिशाच्चं, चालती प्रेतं, नरमांसभक्षक यांना बंदी. त्याच संहितेत हेही होतं की पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. म्हणजे भूत आणि हवालदार एकाच फटक्यात सुरक्षित. ईसीने १९५६ मध्ये स्वतःची एक जुनी अंतराळकथा पुन्हा छापायला घेतली, तर संहितेच्या कार्यालयाने हरकत घेतली, कारण शेवटच्या चौकटीत हेल्मेट काढणारा अंतराळवीर काळा होता. प्रकाशक अडून बसला आणि गोष्ट तशीच छापली. ती त्या कंपनीच्या शेवटच्या कॉमिक्सपैकी एक ठरली. २०२४ मध्ये ओनी प्रेस या प्रकाशनाने ईसीचं नाव पुन्हा जागं केलं, 'एपिटाफ्स फ्रॉम द अॅबिस' हे त्यातलं भयकथांचं मासिक. मी थोडं चाळलं. छोट्या गोष्टी, शेवटी थप्पड. चहाबरोबर ठीक.

आता ज्या पुस्तकासाठी हे सगळं लिहायला बसलो त्याच्याकडे येतो.

'इन्फिडेल'. नावाचा अर्थ काफिर. लेखक पोर्नसाक पिचेटशोटे, चित्रकार आरोन कॅम्पबेल, रंग होजे व्हिलारुबिया, लेटरिंग जेफ पॉवेल. इमेज कॉमिक्स, २०१८, पाच अंक. आयेशा नावाची पाकिस्तानी वंशाची अमेरिकन मुस्लिम तरुणी. होणारा नवरा, त्याची लहान मुलगी आणि त्याची आई यांच्याबरोबर ती एका जुन्या इमारतीत राहायला येते. काही महिन्यांपूर्वी त्या इमारतीत स्फोट झालेला आहे, माणसं मेली आहेत, आणि त्याचा संशय एका मुसलमान रहिवाशावर आहे. आयेशाला रात्री काहीतरी दिसायला लागतं. कुजलेलं, चिकट, तिच्याकडे बघून काहीबाही बोलणारं.

भुतं भयंकर आहेत, यात वाद नाही. माणसं शाईच्या कोरड्या रेषांत आणि ती मात्र ओल्या रंगात बरबटल्यासारखी, जणू दुसऱ्याच कोणाच्या हाताने पानात घुसवलेली. पण मला पहिल्या अंकात घाम फुटला तो एका साध्या घरगुती बोलण्याने. होणारी सासू आयेशाशी चांगली वागते. प्रयत्न करते. तिने पूर्वी काही बोललेलं आहे आणि आता ती सुधारते आहे, असं आयेशा स्वतःच सगळ्यांना समजावत असते. आणि वाचताना आपल्याला कळतच नाही की ही बाई खरंच बदलली आहे की नुसती जपून बोलते आहे. आयेशालाही कळत नाही. भूत दिसलं तर ओरडता तरी येतं.

इमारतीतले शेजारी तर मी ओळखतोच. जिन्यात नजर चुकवणारा. 'मी तसा नाही, पण लोक म्हणतात' म्हणणारा. आपण किती मोकळ्या मनाचे हे दर वाक्याला सिद्ध करणारा. न्यूयॉर्कची इमारत म्हणून सांगितलं म्हणून, नाहीतर हे सगळे आमच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी दहा वाजता प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले असतात.

आमची सोसायटी सिंहगड रस्त्याला. अठ्ठावीस फ्लॅट. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने जायचा होता. मालक परदेशात. बघायला एक तरुण जोडपं आलं, दोघंही हिंजवडीला नोकरीला, मुलगी वर्षाची. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा ती पोर माझ्या चष्म्याला हात लावत होती. आडनाव शेख. पुढच्या रविवारी सभा. कोणी आवाज चढवला नाही, कोणी वाईट शब्द काढला नाही. "आपलं वैयक्तिक काहीच नाही हो," "उद्या रिसेलला त्रास होतो," "त्यांनाच इथे बरं वाटणार नाही," "वासाचा प्रश्न येतो." चहा झाला. मी काय बोललो? मी म्हणालो, बिस्किटं कोणी आणली, छान आहेत. खरंच हेच बोललो.

मग ठरलं की नियमावली करायची. सेक्रेटरी म्हणाले, "तुमचंच काम आहे हे, तुमच्यासारखं आमच्यात कोणाला जमणार?" मी करून दिली, फुकट. ए-फोर, सगळीकडे सारखा समास, बारीक दुहेरी चौकट, मथळा मध्यभागी. 'फ्लॅट भाड्याने देण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी आवश्यक. शाकाहारी कुटुंबास प्राधान्य. समितीचा निर्णय अंतिम राहील.' त्यात एकही शब्द असा नाही की ज्यावर बोट ठेवता येईल. 'कुटुंबास' मधला स कापला जाऊ नये म्हणून मी ओळ पुन्हा जुळवली होती, एवढं मला आठवतं. लॅमिनेशनही मीच करून आणलं. लिफ्टशेजारी लावली. ते जोडपं कोंढव्याला गेलं, असं वॉचमनने सांगितलं.

'इन्फिडेल' वाचताना मधे कुठेतरी ही नोटीस डोक्यात आली आणि मग गेलीच नाही. पुस्तकातली भुतं कशावर पोसली जातात हे हळूहळू उलगडतं, तेव्हा मला त्यांचा आवाज कोणत्या अक्षरात असेल हे कोणी सांगायची गरज उरली नव्हती. सोळा पॉइंट, ठळक, मध्यभागी.

पुस्तकात खोट नाही असं नाही. पाचव्या अंकात घाई झाली आहे, दोन मैत्रिणींचं एक भांडण भाषण स्पर्धेसारखं वाटतं, आणि भूत घालवायचा जो उपाय शोधतात तो मला पटला नाही. पण जिन्यावरचा प्रसंग वाचून मी पुस्तक पालथं टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो. बायकोने विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही, डोळे थकले.

यानंतर मी एक कसोटी लावायला लागलो. गोष्टीतून भूत काढून बघायचं. मागे काही उरलं आणि तरी झोप उडाली, तर पुस्तक घ्यायचं. नाहीतर 'रंग भरा'.

'द लो, लो वुड्स' या कसोटीला पुरेपूर उतरतं. लेखिका कार्मेन मारिया मचाडो, चित्रं दानी. डीसी या कॉमिक्स कंपनीच्या हिल हाउस मालिकेतलं, २०१९-२० मधलं, सहा अंक. पेनसिल्व्हेनियातलं एक खाणगाव, ज्याच्या पोटात वर्षानुवर्षं कोळसा जळतो आहे. दोन मैत्रिणी सिनेमागृहात जाग्या होतात आणि मधले काही तास त्यांच्या आठवणीतून गायब आहेत. गावातल्या बऱ्याच बायकांचं असंच आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे की इथल्या बायका विसरतात, आणि विसरणं हा इथल्या हवेचा गुण आहे असं धरून सगळे चाललेत. कोणाच्या सोयीसाठी विसरतात हे विचारायला दोन पोरी लागतात. जंगलात कातडी नसलेली माणसं आहेत, हरिणासारखी बाई आहे, पण त्यांची भीती पान दहापर्यंत संपते. उरते ती त्या रिकाम्या तासांची.

ते जळतं गाव मनातलं वाटेल म्हणून सांगतो, पेनसिल्व्हेनियात सेंट्रेलिया नावाचं गाव आहे, त्याच्या खाली १९६२ पासून आग आहे. आपल्याकडे झारखंडात झरियाची आग तर १९१६ पासून माहीत आहे, आणि तिच्यावर माणसं राहतात. त्यामुळे धूर बघून मला नवल वाटलं नाही. तक्रार एकच: गडद पानांवर छोट्या अक्षरांतलं निवेदन. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी दिवसा, खिडकीपाशी वाचावं. माझ्या प्रेसवाल्याने असं छापलं असतं तर मी फॉर्मा परत पाठवला असता. बहीण हे पुस्तक घेऊन गेली. आठ दिवसांनी परत देताना तिने नुसतं "हं" म्हटलं, आणि तिचं ते "हं" मी ओळखतो, म्हणून पुढे विचारलं नाही.

बाकीची भराभर सांगतो. 'डिस्ट्रॉयर', व्हिक्टर लव्हॅल आणि डिट्रिक स्मिथ, २०१७. १८१८ च्या 'फ्रँकेन्स्टाइन' या प्रसिद्ध राक्षसकथेतल्या घराण्याची आजची वंशज काळी शास्त्रज्ञ आहे, तिचा बारा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने गेलाय, आणि प्रेत जिवंत करायची विद्या तिच्या रक्तात आहे. हे एवढं सांगितलं की निम्मं पुस्तक कळतं. कल्पना मोठी, संवाद मात्र कुठे कुठे अग्रलेखासारखे. तरी त्या पोराची चित्रं पाहून पोटात कालवतं. 'बिटर रूट', डेव्हिड वॉकर, चक ब्राउन आणि सॅनफर्ड ग्रीन यांचं: १९२४ चं हार्लेम, द्वेषाने माणसाचा अक्षरशः राक्षस होतो, आणि त्यांचा बंदोबस्त करणारं एक काळं कुटुंब. मजा त्यांच्या घरातल्या वादात आहे. अशा माणसाला जडीबुटी देऊन बरं करायचं की मारून टाकायचं? आजी एक म्हणते, नातवंडं दुसरं. याला २०२० मध्ये आयझ्नर मिळालं, म्हणजे त्या धंद्यातलं मोठं पारितोषिक. मला मारामारी जरा जास्त झाली, भाचीला कमी वाटली.

'द डिपार्टमेंट ऑफ ट्रुथ' मात्र जपून घ्या. जेम्स टिनियन आणि मार्टिन सिमंड्स, २०२० पासून, आणि लेटरिंगला पुन्हा बिडीकर. पुरेशा लोकांनी एखादी थाप मानली की ती खरी व्हायला लागते, आणि ती होऊ नये म्हणून एक सरकारी खातं. सकाळी सहाला 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली इतिहास दुरुस्त करून पाठवणारे काका ज्यांच्या ग्रुपमध्ये आहेत, त्यांना वेगळं समजवायला नको. पहिला खंड जबरदस्त आहे. एका आईची गोष्ट आहे त्यात, मूल गमावलेल्या, जिला कोणीतरी सांगतं की तुझं मूल मेलंच नाही. ती वाचल्यावर मला फॉरवर्ड करणाऱ्यांचा राग थोडा कमी झाला आणि त्यांच्या मागे जे असतात त्यांचा वाढला. पुढच्या खंडांत मात्र लोक उभे राहून पानंपानं बोलत सुटतात. बिचाऱ्या लेटररची दया येते. त्याने त्या फुग्यांना फाटक्या कागदासारखं, हाताने काढल्यासारखं ठेवलंय म्हणून निभावतं.

कोणाला काय द्यावं? ज्यांना इतिहास आवडतो त्यांना मलबारचं. ज्यांनी कधी कॉमिक उघडलंच नाही त्यांनाही तेच, चौकटी नीट असल्याने वाट चुकत नाही. कॉलेजातल्या मुलींना खाणगावाचं, पण आधी तुम्ही वाचा आणि मग ठरवा, कारण त्यात अत्याचाराचा विषय आहे. 'इन्फिडेल' मी कोणाला भेट देणार नाही. ते ज्याने त्याने आपल्या पैशाने घ्यावं आणि रात्री जेवण झाल्यावर एकट्याने वाचावं. गेस्ट रूममध्ये ठेवू नये.

मराठीत असं काही का नाही, हे भाची मला सारखं विचारते. भूतकथा आपल्याकडे वाचनालयांच्या वाचनालयं भरतील एवढ्या आहेत, चित्र काढणारी पोरं अभिनव कला महाविद्यालयाच्या बाहेर चहा पीत उभी असतात. मी तिला म्हटलं, तू लिही, कोणाकडून तरी चित्रं काढून घे, अक्षरं मी जुळवतो. फुग्यांत मराठी बसवणं सोपं नाही. वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात, रफार फुग्याच्या कडेला चिकटतो, जोडाक्षराने ओळ फुगते, इंग्रजीपेक्षा जागा जास्त लागते. पण जमेल. तिने विचारलं, गोष्ट कशाची? मी म्हटलं, एका नोटिशीची. तिला कळलं नाही, आणि मी तेव्हा सांगितलं नाही. हे वाचल्यावर तिला कळेल.

ती नोटीस अजून लिफ्टपाशी आहे. कडेने लॅमिनेशन सुटलंय, उन्हाने पिवळी पडली आहे. गेल्या महिन्यात सेक्रेटरींचा मेसेज आला, नवी करून द्या, मजकूर तोच, खाली एक ओळ वाढवायची आहे. वाढवायची ओळ आहे: 'अविवाहितांस फ्लॅट दिला जाणार नाही.' फाइल माझ्या डेस्कटॉपवर उघडून ठेवलेली आहे. मी त्यांना कळवलं की प्रिंटर दुरुस्तीला दिलाय. 'नाही' असं टाइप करून मी दोनदा पुसलं, हेही सांगून टाकतो.

काल त्यांचा पुन्हा मेसेज होता. प्रिंटर आला का?